कंपनी सोडून गेलेली माणसे
कोल्हापूर-पुणे येथील चित्रसंस्थांतील एका संबंधाचा विचार (१९१८–१९५४)

एखाद्या लहान उद्योगसंस्थेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाचे लक्ष स्वाभाविकपणे तिच्या स्थापनेकडे, भांडवलाकडे, निर्मितीकडे आणि अखेरीस तिच्या विसर्जनाकडे जाते. संस्थेत असलेली माणसे या इतिहासात येतात. संस्था सोडून गेलेली माणसे मात्र ज्या दिवशी ती सोडून जातात त्या दिवशीच इतिहासातूनही बाहेर पडतात. ‘अमुक साली ते कंपनीतून बाहेर पडले’ या एका वाक्यानंतर त्यांचा उल्लेख सहसा आढळत नाही. ज्या संस्थेत पंचवीस-तीस माणसे वर्षानुवर्षे एका छपराखाली काम करीत होती, एकाच पंगतीला जेवत होती, तेथील संबंध एका राजीनाम्याने संपतो असे गृहीत धरणे कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि तिच्यातून निघालेली प्रभात फिल्म कंपनी या दोन संस्थांचा विचार येथे केला आहे. या संस्थांच्या कलाकृतींचे मूल्यमापन पुष्कळ झाले आहे व तो विषय येथे अभिप्रेत नाही. माणूस गेल्यावर संस्थेशी त्याचे काय नाते उरले, ते कोणी टिकविले, आणि कोणाच्या बाबतीत ते टिकले नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम ‘कंपनी’ या शब्दाविषयी थोडे. चित्रपटाच्या धंद्यात हा शब्द आला तेव्हा मराठी माणसाच्या कानाला तो अपरिचित नव्हता. फिरत्या नाटक मंडळ्यांना लोक सर्रास ‘कंपनी’ म्हणत. या कंपनीत नटाला वेतन असे, पण वेतनाखेरीज मुक्काम, जेवणखाण, आजारपण, शिक्षण, किंबहुना लहान वयात आलेल्या मुलाचे सारे पालनपोषणच कंपनीकडे असे. त्यामुळे कंपनी सोडणे म्हणजे नोकरी सोडणे नव्हते. ते घरातून वेगळे निघण्यासारखे होते, आणि त्याकडे पाहण्याची दृष्टीही तशीच होती. केशवराव भोसले यांनी १९०८ साली ललितकलादर्श काढली, किंवा १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली, तेव्हा या घटनांची चर्चा वाटणी झालेल्या कुटुंबाविषयी व्हावी त्या भाषेत झाली. वाटणीनंतर भावांनी एकमेकांच्या दारात पाऊल टाकावे की नाही, हा प्रश्न जसा कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो, तसाच तो येथेही लिहिलेला नव्हता.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भावांचे जोडपे या नाट्यसृष्टीच्याच आश्रयाने वाढले. नाटकांचे पडदे रंगविणारे कारागीर म्हणून त्यांची ख्याती होती. चित्रपटाचा ध्यास दोघांनाही लागला. परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले आणि पुढचे कार्य बाबूरावांकडे आले. १९१८ च्या सुमारास बाबूरावांनी स्वतःच्या कारखान्यात चित्रीकरणाचा कॅमेरा सिद्ध केला. त्यात त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांचा हात होता. गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्यामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला.

या कंपनीचे स्वरूप कारखान्यापेक्षा कलावंताच्या चित्रशाळेचे अधिक होते. बाबूराव हे मालक, पण त्याहून अधिक ते गुरू होते. दामले व एस. फत्तेलाल हे चित्रकलेच्या नात्याने त्यांच्याकडे आलेले. शांताराम वणकुद्रे हा तरुण १९२० च्या सुमारास आपले मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने आला. केशवराव धायबर हेही तेथेच तयार झाले. कामाची विभागणी अशी नव्हतीच. ज्याने सकाळी पडद्याला रंग द्यावा त्याने दुपारी दाढी लावून सैनिक म्हणून उभे राहावे आणि रात्री फिल्म धुवावी, असा क्रम होता. शांताराम यांनी ‘सुरेखाहरण’ (१९२१) मध्ये श्रीकृष्णाची, तर ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली आणि १९२७ साली ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शनही केले. दामले-फत्तेलाल यांनी १९२८ साली ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. आठ-दहा वर्षांत कंपनीने शिष्यांना सर्व काही शिकविले होते. मालकीत वाटा मात्र दिला नव्हता.

कंपनीतील आणखी एका वर्गाकडे येथे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘सैरंध्री’त काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना कंपनीने कमलादेवी व सुशीलादेवी अशी नवी नावे दिली. चित्रपटात काम करणे हे त्या काळी स्त्रियांच्या बाबतीत इतके निंद्य समजले जात असे की, त्यांना आपल्या जातगोतात थारा उरला नाही आणि कंपनीच्या आवारातच राहावे लागले. सर्व मंडळींच्या स्वयंपाकातही त्या हात लावीत, असे सांगतात. पुरुष शिष्याला कंपनी हे दुसरे घर होते. या दोघींना ते एकमेव घर होते. हा भेद पुढे आपल्या उपयोगी पडेल.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी या सराफांना बरोबर घेऊन त्यांनी त्याच कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. या फुटीची कारणे सांगताना चरित्रकार बहुधा स्वभावभेदांवर भर देतात. प्रस्तुत लेखकास ते पुरेसे वाटत नाही. ज्यांना स्वतंत्रपणे चित्रपट दिग्दर्शित करण्याइतके सिद्ध केले त्यांना पगारी माणसे म्हणूनच ठेवावयाचे, ही स्थिती कोणत्याही चित्रशाळेत फार काळ टिकत नाही. बाबूराव हे मंद गतीने, परिपूर्णतेच्या आग्रहाने काम करणारे कलावंत होते आणि पैशाचा व्यवहार भांडवलदार भागीदारांच्या हाती होता. म्हणजे शिष्यांच्या उत्कर्षाचा मार्ग गुरूने अडविला होता असेही म्हणता येत नाही. तो मार्ग खुला करण्याचा पुरता अधिकार त्यांच्याजवळ नव्हता. काही काळाने बाबूराव स्वतःही त्या कंपनीतून बाहेर पडले, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे. चौघे शिष्य गेल्यानंतर ती संस्था फार वर्षे तगली नाही.

नवी कंपनी दूरच्या शहरात निघाली असती तर संबंध तुटला असे म्हणणे सोपे झाले असते. परंतु १९२९ चे कोल्हापूर हे असे गाव होते की, जुन्या कंपनीचा माणूस नव्या कंपनीच्या माणसाला रोज रस्त्यात, तालमीत, रंकाळ्यावर भेटे. धंद्यात स्पर्धा आणि रस्त्यात रामराम, अशा दुहेरी स्थितीत ही मंडळी चार वर्षे राहिली. शिवाय प्रभातच्या प्रारंभीच्या चित्रांत जे दिसते ते गुरूकडूनच आलेले होते: देखाव्यांची भव्यता, चित्रकाराच्या दृष्टीने केलेली चौकटीची मांडणी, पौराणिक कथेला दिलेले मानवी रूप. शिष्याने गुरूचे घर सोडले तरी गुरूचा हात त्याच्या हाताबरोबर जातो. व्यवहारातही या गोष्टीला अर्थ होता. बाहेर पडलेल्या शिष्यांच्या यशामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे नाव, ती बंद पडल्यानंतरही, कोल्हापूरच्या चित्रधंद्यात पतीसारखे चालत राहिले. ‘पेंटरांच्या हाताखालचा’ ही ओळख पुरेशी असे.

प्रभातने जुन्या कंपनीतील एक दोष जाणूनबुजून टाळला. शिकलेली माणसे आणि मालक यांत अंतर राहू नये म्हणून चौघे कलावंत व पाचवा सराफ हे सारेच भागीदार झाले. पण कुटुंबाची रीत तिने सोडली नाही. दामले हे सर्वांचे ‘दामलेमामा’ आणि फत्तेलाल हे ‘साहेबमामा’ होते. एक ब्राह्मण, एक मुसलमान. दोघे मिळून ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) दिग्दर्शित करतात, आणि कंपनीतील पोरे दोघांनाही मामाच म्हणतात. मामा म्हणून ज्याला हाक मारली त्याच्याशी असलेले नाते मस्टरवरून नाव कमी झाल्याने संपत नाही. हे बंधन ज्यांना लाभले त्यांच्या बाबतीत कंपनीला निराळी व्यवस्था करावी लागली नाही. ज्यांना लाभले नाही त्यांच्यासाठी कंपनीजवळ दुसरी कोणतीच व्यवस्था नव्हती.

१९३३ साली प्रभात पुण्यास गेली. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने त्याच सुमारास कोल्हापूर सिनेटोन निघाली आणि भालजी पेंढारकर, त्यांचे बंधू बाबूराव पेंढारकर व मास्टर विनायक ही मंडळी तिकडे एकत्र आली. बाबूराव आणि विनायक यांनी प्रभातमध्ये काम केले होते. प्रभातच्या दृष्टीने ही सोडून गेलेली माणसे होत. परंतु शांताराम हे या भावांचे आप्त. नाते रक्ताचे आणि धंदा निराळा. १९३६ साली विनायक, बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली. म्हणजे सात वर्षांच्या आत एका चित्रशाळेच्या तीन-चार शाखा झाल्या. यांतील बाबूराव पेंढारकर हे विशेष लक्ष देण्याजोगे गृहस्थ आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनी, प्रभात, कोल्हापूर सिनेटोन, हंस, आणि पुढे शांताराम यांची राजकमल, असा त्यांचा प्रवास आहे. प्रत्येक संस्था त्यांनी सोडली आणि कोणत्याही संस्थेत त्यांना परके मानले गेले नाही. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) मध्ये आणि त्यानंतर अकरा वर्षांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मध्ये ते शांताराम यांच्याबरोबर दिसतात. १९२० च्या सुमारास ज्याने धाकट्या भावाला कंपनीत चिकटविले त्याला त्या भावाने सदतीस वर्षांनंतरही आपल्या चित्रात स्थान दिले, असा हा हिशेब आहे.

सर्वांचाच हिशेब इतका सरळ नाही. भागीदारांपैकी केशवराव धायबर हे ‘राजपूत रमणी’ (१९३६) नंतर प्रभातमधून निघाले. पाचांपैकी पहिला वेगळा झाला आणि कुटुंबाची उपमा येथे प्रथम अपुरी पडू लागली. भागीदार हा भाऊ असतो तसा करारातील पक्षकारही असतो. भाऊ रुसला तर समजूत घालता येते. पक्षकार निघाला तर त्याचा हिशेब चुकता करून खाते बंद करावे लागते.

पुण्याच्या वास्तूत प्रभातचा पसारा वाढला. मोठे चित्रीकरणगृह, शेकडो माणसे, निरनिराळी खाती, ठरलेल्या तारखेला पगार, आणि कलावंतांशी मुदतीचे करार. ही व्यवस्था कोल्हापूरच्या मानाने निश्चितच न्याय्य व नियमित होती. मात्र करार हे पुरे साधन होऊन बसले तेव्हा कराराबाहेरचे नाते कोणाशी आणि केवळ कराराचे नाते कोणाशी, हा भेद उघड झाला. १९३९ च्या जुलैत शांता आपटे यांनी प्रभातच्या दारात उपोषण केले तो प्रसंग या दृष्टीने पाहावयास हवा. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या चित्रांनी त्यांना कीर्ती दिली होती, आणि त्यांनी त्या चित्रांना कीर्ती दिली होती हेही तितकेच खरे. कराराच्या अटींवरून वाद झाला. ‘कुंकू’तील नीरेने जरठ नवऱ्याच्या घरात सत्याग्रह मांडला, तर नीरा झालेल्या नटीने स्टुडिओच्या दारात, ही तुलना तेव्हाही अनेकांना सुचली असेल. तथापि विनोदाचा भाग सोडला तर या प्रसंगातील मुख्य गोष्ट दार ही आहे. आतल्या माणसाला दारात बसावे लागत नाही. पुरुष सहकाऱ्याचा वाद मामांच्या खोलीत, चहाच्या पेल्यावर मिटत असे. शांता आपटे यांना त्या खोलीत पक्षकार म्हणून प्रवेश होता. भाची म्हणून नव्हता. कंपनी सोडल्यावर १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. कंपनीतून गेलेल्या व्यक्तीने धंद्याचे परीक्षण करून लिहिलेला इतका जुना मराठी ग्रंथ म्हणून तरी आमच्या विद्यार्थ्यांनी तो वाचावयास पाहिजे. एरवी तो नटीचे पुस्तक म्हणून बाजूला ठेवण्याची रीत आहे.

१९४२ साली शांताराम यांनी प्रभात सोडली आणि मुंबईस परळ येथे, वाडिया मूव्हिटोनच्या जागेत, राजकमल कलामंदिर सुरू केले. प्रभातच्या इतिहासात याला मोठा आघात म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. पण १९४३ च्या ‘शाकुंतल’पासून पुढील राजकमलच्या चित्रांची नामावली समोर ठेवली तर निराळेच चित्र दिसते. जयश्री या प्रभातच्या ‘शेजारी’ (१९४१) मधल्या. दुष्यंत झालेले चंद्रमोहन हे ‘अमृतमंथन’मधून पुढे आलेले. केशवराव दाते हे ‘अमृतमंथन’ आणि ‘कुंकू’चे, ते पुढे ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) आहेत. संगीतकार वसंत देसाई यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ते प्रभातच्या प्रारंभकाळीच, पोरवयात, कंपनीत आले. पडेल ते काम केले, ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) दिसले, गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली पेटीजवळ बसून संगीत शिकले. राजकमलमध्ये त्यांना स्वतंत्र संगीतकाराचे स्थान मिळाले. ज्यांनी प्रभात सोडली त्यांची प्रभात परळला पुन्हा उभी राहिली होती.

येथे एक आक्षेप संभवतो. शांताराम यांनी ही माणसे आपुलकीने बोलाविली की ओळखीच्या, कसलेल्या माणसांकडून काम लवकर व स्वस्तात होते म्हणून बोलाविली? माझ्या मते हा प्रश्न त्या काळच्या धंद्याला लावणे फारसे उपयोगाचे नाही. जुन्या सहकाऱ्यावर विश्वास टाकता येणे हेच त्या आपुलकीचे व्यावहारिक रूप होते. बारा वर्षे ज्याच्याबरोबर रात्री जागून काढल्या त्याला सूचना अर्ध्या वाक्यात समजते, आणि हे अर्धे वाक्य कोणत्याही नव्या, अधिक पगाराच्या माणसाकडून विकत मिळत नाही. पुण्यात राहिलेल्या कंपनीने मात्र गेलेल्या माणसांशी असा संबंध पुरता राखला नाही, आणि १९४५ साली दामलेमामा वारल्यावर तो राखणारे माणूसही उरले नाही. फत्तेलाल होते, पण त्या दोघांच्या जोडीतील व्यवहार पाहणारा हात दामल्यांचा होता.

आता या विवेचनातील मध्यवर्ती घटनेकडे येऊ. १९४७ साली राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा मराठी चित्रपट प्रसिद्ध केला. त्याच्या दिग्दर्शनासाठी शांताराम यांनी बाबूराव पेंटर यांना पाचारण केले होते. त्या चित्राशी दिग्दर्शक म्हणून गुरू-शिष्य या दोघांचीही नावे निगडित आहेत. कथा व गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसायांचे, भूमिका जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या. गुरूचे घर सोडल्याला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. मधल्या काळात बाबूरावांनी कोल्हापुरात शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) असे चित्रपट केले, ‘सावकारी पाश’ बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढला; पण बोलपटाच्या धकाधकीत त्यांच्या संथ, चित्रकारी पद्धतीला स्थान कमी होत गेले होते. शिष्य मात्र देशभर प्रसिद्ध निर्माता झाला होता. मालक व चाकर हे नाते आता पुरते उलटे झाले होते: पूर्वी ज्याच्या कंपनीत शांताराम नोकरीस होते तो आता शांताराम यांच्या कंपनीत मानधनावर काम करीत होता.

अशी उलटापालट कोणत्याही दोन माणसांना अवघड असते. ती निभावली याचे कारण, दोघांनीही आपले नाते मालक-चाकराचे मानले नव्हते. गुरूने शिष्याच्या घरी येण्यात कमीपणा नाही, आणि शिष्याने गुरूला काम देणे हे काम देणे म्हणून गणले जात नाही, ही परंपरेची सोय त्यांच्या उपयोगी पडली. विषयाची निवडही पाहण्यासारखी आहे. पेशवाईतील शाहीर, तमाशाचा फड, उत्तरपेशवाईतील पुणे: वेशभूषा, वास्तू, रंगभूमीचे देखावे यांत रमणाऱ्या जुन्या पडदा-चित्रकाराला याहून मनाजोगा विषय मिळणे कठीण होते. चित्र लोकप्रिय झाले आणि तमाशाप्रधान मराठी चित्रपटांची एक लाटच त्यानंतर आली. तिचे पुढे काय झाले हा निराळा, आणि थोडा खेदाचा, विषय आहे. बाबूरावांनी त्यानंतर ‘विश्वामित्र’ (१९५२) केला आणि १६ जानेवारी १९५४ रोजी ते कोल्हापुरात वारले.

प्रभातच्या उतरत्या काळातील एक तरुण पिढीही येथे नोंदवावयास हवी, कारण तिचे उदाहरण वरील उदाहरणांहून थोडे वेगळे आहे. शांताराम गेल्यानंतर, १९४४–४५ च्या सुमारास, गुरुदत्त पदुकोण, देव आनंद आणि रहमान हे तरुण पुण्यास प्रभातमध्ये आले. गुरुदत्त हे विश्राम बेडेकरांच्या ‘लाखाराणी’त (१९४५) साहाय्यक होते, ‘हम एक हैं’ (१९४६) मध्ये त्यांनी नृत्ये बसविली आणि देव आनंद त्यात प्रथम नायक म्हणून आले. धोब्याने सदऱ्यांची अदलाबदल केल्यामुळे दोघांची मैत्री झाली, आणि जो प्रथम निर्माता होईल त्याने दुसऱ्याला दिग्दर्शन द्यावे व जो प्रथम दिग्दर्शक होईल त्याने दुसऱ्याला नायक करावे असे त्यांनी एकमेकांस वचन दिले, ही हकिकत देव आनंद यांनी वारंवार सांगितली आहे. १९५१ साली नवकेतनच्या ‘बाजी’ने ते वचन पुरे झाले. रहमान पुढे गुरुदत्तांच्या ‘प्यासा’ (१९५७), ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) व ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ (१९६२) मध्ये आहेत. या तिघांना प्रभातमध्ये मामा नव्हते, गुरू नव्हते, आप्तही नव्हते. जुन्या पिढीचे संबंध वरून खाली, गुरूकडून शिष्याकडे जात होते. यांचे बरोबरीच्या मैत्रीचे आहेत. कंपनी त्यांच्या दृष्टीने घर नव्हती, एका वेळी एकत्र राहिलेल्या मुलांचे वसतिगृह होती. आणि वसतिगृहाशी जसे, तसेच त्यांचे नाते कंपनीशी न राहता एकमेकांशी राहिले.

१९५३ च्या सुमारास प्रभातचे काम थांबले. १९६० साली सरकारने त्याच वास्तूत चित्रपटविद्येची संस्था सुरू केली. ती आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. पुण्यात प्रभात रस्ता आहे. पण कंपनीचा इतिहास जर आपल्याला सविस्तर ठाऊक असेल तर तो या वास्तूमुळे किंवा रस्त्यामुळे नव्हे. बाबूराव पेंढारकरांचे ‘चित्र आणि चरित्र’, शांताराम यांचे ‘शांतारामा’, केशवराव भोळ्यांचे ‘माझे संगीत’, गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’, दुर्गाबाई खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ या सर्व आठवणी कंपनी सोडून गेलेल्या माणसांनी लिहिल्या आहेत. जे अखेरपर्यंत कंपनीतच राहिले ते दामलेमामा आणि साहेबमामा यांनी असे आत्मचरित्र मागे ठेवले नाही. दोघांचा स्वभावच अबोल. शिवाय ज्याने घर सोडले नाही त्याला घराचे वर्णन करण्याची गरज सहसा वाटत नाही. याचा परिणाम असा की, प्रभातचे आपल्याला लाभलेले चित्र बहुतांशी दाराबाहेर उभे राहून मागे वळून पाहणाऱ्यांचे आहे. त्यात माया आहे, काही ठिकाणी हिशेब चुकता करण्याची इच्छाही आहे. संशोधकाने ही साधने वापरताना लेखक कोणत्या वर्षी आणि कोणत्या कारणाने बाहेर पडला हे प्रथम पाहावे आणि मग त्याचा मजकूर वाचावा. शांताराम यांनी १९४२ विषयी लिहिलेले आणि पेंढारकरांनी १९३३ विषयी लिहिलेले एकाच तराजूत घालता येत नाही.

दुर्गाबाई खोटे यांचे उदाहरण माझ्या वरील प्रतिपादनाला काहीसे बाधक आहे, ते लपविण्याचे कारण नाही. ‘अयोध्येचा राजा’तील तारामती, ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) आणि ‘अमरज्योती’ यांनंतर त्या इतरत्र कामे करीत राहिल्या. कोणत्याही एका कंपनीच्या बांधील झाल्या नाहीत. आणि १९४६ साली ‘हम एक हैं’साठी सन्मानाने प्रभातमध्ये परत आल्या. केवळ कराराचे नाते असलेल्या स्त्रीला दार बंदच होते असे म्हणणे म्हणूनच बरोबर होणार नाही. पण दुर्गाबाई सुस्थित, सुशिक्षित घराण्यातून आल्या होत्या. कंपनीखेरीज त्यांना स्वतःचे घर, स्वतःचा समाज होता. ज्याला परत जावयास स्वतःचे घर आहे तोच पाहुणा म्हणून पुन्हा येऊ शकतो. कमलादेवी आणि सुशीलादेवी यांच्याविषयी पूर्वी जे म्हटले ते येथे स्मरावे.

याच्या दुसऱ्या टोकाला शांता हुबळीकर आहेत. ‘माणूस’ (१९३९) मधली मैना ही प्रभातच्या साऱ्या नायिकांत लोकांच्या जिभेवर सर्वाधिक राहिलेली. तिचे बहुभाषी गाणे आजही आकाशवाणीवर लागते. चित्रपटसृष्टीपासून दूर गेल्यावर बाईंचे उत्तरायुष्य विपन्नावस्थेत आणि वृद्धाश्रमात गेले. त्या जिवंत आहेत हे पुष्कळांना वर्तमानपत्रांतूनच कळले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी प्रभातला बंद पडून चाळीस वर्षे होत आली होती, तेव्हा कंपनीकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. दाखवावयाचे तर त्या चाळीस वर्षांत प्रभातचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून प्रभातचा गौरव करणाऱ्या आपणा सर्वांकडे. त्यांनी आत्मचरित्र लिहिले, आणि त्याला नाव दिले ते मैनेच्या गाण्यावरून: ‘कशाला उद्याची बात’.